अरण्यातील मुलगा आणि प्रश्नपत्रिकेतील अरण्य

१

साहित्यकृतीचे आकलन झाले की नाही हे कसे ठरवावयाचे, हा प्रश्न समीक्षकाला पडतो तसाच शाळेतील शिक्षकालाही पडतो. मात्र हे दोघे तो एकमेकांपासून फार दूर बसून सोडवितात. समीक्षकाला उत्तराची घाई नसते. एकाच कृतीचे दोन परस्परविरोधी अर्थ त्याच्या टेबलावर वर्षानुवर्षे शेजारी नांदू शकतात. शिक्षकाला मात्र एका तासिकेत चाळीस मुलांच्या आकलनाला गुण द्यावे लागतात. या घाईतून प्रश्नपत्रिकेचे जे तंत्र निर्माण झाले आहे, त्यामागे साहित्याविषयीची एक धारणा दडलेली आहे. ती धारणा क्वचितच तपासली जाते. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट वाङ्मयप्रकाराच्या आधारे ती तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

हा वाङ्मयप्रकार म्हणजे निर्जन प्रदेशात एकाकी सापडलेल्या माणसाने जीव जगविल्याची कथा. युरोपीय परंपरेत तिचा आरंभ सामान्यतः डीफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो'पासून (१७१९) मानतात. परंतु बाराव्या शतकातील अरबी ग्रंथकार इब्न तुफैल याने बेटावर एकट्या वाढलेल्या मुलाची कथा त्याआधीच लिहिली होती, आणि तिचा सायमन ऑक्लीकृत इंग्रजी अनुवाद १७०८ मध्ये, म्हणजे क्रूसोच्या अकरा वर्षे आधी, प्रसिद्ध झाला होता, हे तौलनिक अभ्यासकाने विसरू नये. इब्न तुफैलचा मुलगा अरण्यात ईश्वराच्या ज्ञानापर्यंत पोहोचतो. क्रूसो हिशेबाच्या वहीपर्यंत. एकाच प्रसंगातून दोन संस्कृतींनी दोन भिन्न प्रश्न निर्माण केले. तेव्हा अशा कथेवर मुलांना कोणते प्रश्न विचारावेत, ही केवळ अध्यापनतंत्राची बाब राहत नाही.

२

दक्षिण दिल्लीत सरोजिनी नगर व किदवई नगर यांच्या शेजारी लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. झाशीच्या राणीचे, म्हणजे तांबे कुळात जन्मलेल्या मनकर्णिकेचे, नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत मराठी ही मात्र घराच्या उंबरठ्याआतली भाषा असते. दिल्लीच्या मराठी समाजाने उभारलेली शाळा पहाडगंजात. दक्षिणेकडील वसाहतींतील मुले सहसा जवळच्या शाळेत जातात. तेथे ती इंग्रजीत शिकतात, मैदानावर हिंदीत खेळतात, तिसरी भाषा म्हणून बहुधा संस्कृत घेतात आणि आजीशी मराठीत बोलतात. इंग्रजी कादंबरी वाचणाऱ्या अशा मुलाच्या मनात एकाच वेळी चार भाषांचे संचित जागे असते.

या वसाहतीत राहत असताना अशाच एका शाळेची इयत्ता सातवीची प्रश्नपत्रिका माझ्या पाहण्यात आली. शाळेचे नाव येथे अप्रस्तुत आहे, कारण अशी प्रश्नपत्रिका अन्यत्रही सहज सापडेल. पुस्तक होते गॅरी पॉलसन या अमेरिकन लेखकाची 'हॅचेट' (१९८७) ही कादंबरी. तेरा वर्षांचा ब्रायन घटस्फोटित वडिलांना भेटण्यासाठी छोट्या विमानातून कॅनडाच्या उत्तरेकडे निघतो. वाटेत वैमानिक हृदयविकाराच्या झटक्याने मरतो, विमान सरोवरात कोसळते, आणि आईने निरोप घेताना दिलेल्या हातकुऱ्हाडीखेरीज मुलाजवळ काही उरत नाही. पुढचे चोपन्न दिवस तो एकटा जगतो. या बाह्य कथेला समांतर अशी एक आंतरिक कथा आहे. आईचे दुसऱ्या पुरुषाशी असलेले संबंध त्याने पाहिले आहेत. हे 'गुपित' वडिलांना ठाऊक नाही. सुटकेनंतरही तो ते त्यांना सांगत नाही.

प्रश्नपत्रिकेतील बहुतेक प्रश्न पर्यायी उत्तरांचे होते. वैमानिकाला काय झाले? मुलाने कोणत्या प्राण्याची अंडी खाल्ली? तो किती दिवस एकटा होता? शेवटचा प्रश्न मात्र लेखी उत्तराचा होता: ब्रायनने वडिलांना गुपित का सांगितले नाही? अपेक्षित उत्तर असे की, अरण्यातील अनुभवानंतर त्याला ते महत्त्वाचे वाटेनासे झाले. एका मराठी घरातील मुलीने लिहिले होते की, आईचे नाव वडिलांसमोर खाली जाऊ नये म्हणून त्याने सांगितले नाही. तिला शून्य गुण मिळाले.

कादंबरीत मुलाच्या मौनाचे कारण लेखकाने स्पष्ट सांगितलेले नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने जे अनुमान केले तेही अनुमानच, आणि मुलीने केले तेही अनुमानच. मग एकाला पूर्ण गुण आणि दुसऱ्याला शून्य, हा न्याय कोठून आला?

३

या न्यायाला एक इतिहास आहे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५७-५८ मध्ये स्वतः ब्लूम भारतात आले, परीक्षासुधारणेच्या कार्यशाळा झाल्या आणि १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा एकक स्थापन झाले. पुढे हे काम १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेकडे गेले. ब्लूम यांच्या श्रेणीत ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या होत्या. भारतीय परीक्षांतील घोकंपट्टीला पर्याय देणे हा या सुधारणेचा हेतू होता, आणि तो स्तुत्यच होता. प्रत्यक्षात मात्र पहिली पायरी तपासणे सर्वांत सोपे असल्यामुळे प्रश्नपत्रिका तेथेच रेंगाळत राहिल्या.

संपूर्ण पुस्तक वाचावयास लावण्याचे प्रयत्नही झाले. २०१० नंतरच्या दशकात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी-दहावीच्या इंग्रजीसाठी 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स', हेलन केलर यांचे आत्मचरित्र, ॲन फ्रँकची दैनंदिनी अशी पुस्तके नेमली होती. पुढे ती योजना मागे पडली. महाराष्ट्रात दहावीला २०१९ च्या परीक्षेपासून प्रश्नपत्रिकेऐवजी 'कृतिपत्रिका' आली, आणि तिच्यात 'आकलन कृती' व 'स्वमत' असे दोन स्वतंत्र कप्पे करण्यात आले. हा विभाग सोयीचा असला तरी त्यात एक गृहीतक आहे: आकलन सर्वांचे एकच असते आणि मत प्रत्येकाचे वेगळे. वर उल्लेखिलेल्या मुलीचे उत्तर या दोहोंपैकी कोणत्या कप्प्यात बसते? ते केवळ मत नव्हे, कारण ते कादंबरीतील प्रसंगांवर आधारलेले आहे. आणि केवळ माहितीही नव्हे. ते अर्थनिर्णयाचे कृत्य आहे, आणि त्यासाठी आपल्या प्रश्नपत्रिकेत जागा नाही.

४

अर्थनिर्णयाचा विचार आपल्या शास्त्रपरंपरेत फार बारकाईने झालेला आहे. वाक्यार्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. पैकी योग्यता म्हणजे पदांच्या अर्थांचा परस्परांशी जुळण्याजोगा संबंध. 'अग्नीने शिंपतो' हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्थबोध करीत नाही, कारण शिंपण्याची योग्यता अग्नीत नाही, असे जुने उदाहरण देतात. म्हणजेच वाक्य कळण्यासाठी भाषेबरोबर वस्तूंचे ज्ञानही लागते. जीव जगविण्याच्या कथेचे सारे आकलन या वस्तुज्ञानावर उभे असते.

'हॅचेट'मधील अग्नी पेटविण्याचा प्रसंग पाहा. रात्री गुहेत साळिंदर शिरते. मुलगा अंधारात कुऱ्हाड फेकून मारतो. ती दगडी भिंतीवर आदळते आणि ठिणग्या उडतात. नंतर त्याला स्वप्न पडते, त्यात मित्र विस्तवाकडे बोट दाखवितो. सकाळी त्याला स्वप्नाचा आणि ठिणग्यांचा संबंध उमगतो. वाळके गवत पेट घेत नाही. शेवटी बर्च झाडाच्या सालीचे बारीक तंतू काढून त्यांवर तो ठिणगी झेलतो आणि फुंकर घालतो.

या प्रसंगासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: चकमक. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटून उडालेली ठिणगी कापसावर झेलण्याचे ते साधन. आजच्या शहरी मुलाला 'चकमक' शब्द ठाऊक असतो, पण तो वर्तमानपत्रातील पोलीस आणि दरोडेखोर यांच्या चकमकीतून. म्हणजे वाच्यार्थ हरवला आहे आणि लक्ष्यार्थ तेवढा उरला आहे. अलंकारशास्त्र अभिधेपासून आरंभ करून लक्षणेकडे जाते. आपले विद्यार्थी उलट्या दिशेने येतात. काडेपेटीही क्वचितच हाताळणाऱ्या मुलाला 'ब्रायनने अग्नी कशाच्या साहाय्याने पेटविला?' असा प्रश्न विचारला तर तो 'कुऱ्हाड आणि दगड' हा पर्याय अचूक निवडील. परंतु गवत का पेटले नाही आणि सालीचे तंतू का पेटले, हे त्याला कळले असेलच असे नाही. याउलट, जिने गावी आजीबरोबर ओली लाकडे फुंकून चूल पेटविली आहे, अशी दक्षिण दिल्लीच्या घरांत धुण्याभांड्यांसाठी येणाऱ्या बाईची मुलगी तो परिच्छेद वाचताना आपला श्वासही रोखून धरील. इंग्रजी शब्द अडला म्हणून ती पर्याय मात्र चुकवील. चाचणी पहिल्याला आकलन झाले असे म्हणेल, दुसरीला नाही असे म्हणेल.

तीच गोष्ट बर्चची. हा वृक्ष म्हणजे भूर्जाचा भाऊबंद. हिमालयातील भूर्ज आणि कॅनडातील बर्च या एकाच कुलातील दोन जाती होत. आपण त्याच सालीवर ग्रंथ लिहिले. पॉलसनचा नायक तिच्यावर विस्तव पेटवितो. संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा संबंध एका वाक्यात दाखविता येईल. मग त्याला हेही विचारता येईल की लिहावयास योग्य असणारी साल पेटावयासही योग्य का असते. पातळ, तंतुमय, थरांची साल: उत्तर वस्तूत आहे, शब्दकोशात नाही.

५

वस्तुज्ञानापेक्षाही खोल असते ते संस्कारांचे ज्ञान. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखविले की केंब्रिजच्या वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची कथा पुन्हा सांगावयास लावली असता ते तिला नकळत आपल्या परिचयाच्या साच्यात बसवितात. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा अभ्यास १९७९ मध्ये मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी भारतीय व अमेरिकन वाचकांना प्रत्येकी एक भारतीय आणि एक अमेरिकन विवाहाचे वर्णन करणारे पत्र वाचावयास दिले. दोन्ही गटांनी आपल्या संस्कृतीचे पत्र अधिक वेगाने वाचले आणि त्यातील अधिक तपशील लक्षात ठेवले. परक्या पत्रात मात्र त्यांनी आपल्या पद्धतीचा अर्थ भरला. अमेरिकन वधूने आजीचा पोशाख घालणे हे तिकडे गौरवाचे. भारतीय वाचकाला तो पोशाख जुना आणि अप्रचलित वाटला. हुंड्याचा उल्लेख अमेरिकन वाचकांनी भेटवस्तूंची देवाणघेवाण असा वाचला. दोन्ही वाचक साक्षर होते, बुद्धिमान होते. न्यून असलेच तर ते परिचयाचे होते.

हा विचार आपल्या कादंबरीला लावून पाहू. भारतीय मुलाच्या मनात अरण्य म्हणजे प्रथम वनवास. रामायणाचे अरण्यकांड आणि महाभारताचे वनपर्व त्याने ग्रंथरूपाने वाचलेले नसले तरी दूरदर्शनवर, चित्रकथांत आणि आजीच्या तोंडून ते ऐकले-पाहिलेले असते. वनवासाला कारण असते, बहुधा कुणाच्या तरी शब्दाचे. त्याला मुदत असते. तेथे ऋषी भेटतात आणि सोबतीला कुणी असते. ब्रायनच्या अरण्याला यांपैकी काहीच नाही. तो तेथे अपघाताने येतो, मुदत त्याला ठाऊक नाही, आणि कोणी ऋषी येत नाही. अरण्य त्याला शिक्षा करीत नाही, उपदेशही करीत नाही. ते केवळ असते. ही उदासीनता जाणवणे हाच या कादंबरीच्या आकलनाचा गाभा आहे, असे मला वाटते. आत्मदयेने काही साधत नाही, हा ब्रायनने शिकलेला नियम या उदासीनतेतूनच निघतो. वनवासाच्या साच्यातून वाचणाऱ्या मुलाला येथे ठेच लागावयास हवी. उत्तम प्रश्न ती ठेच दाखवून देतो. वाईट प्रश्न तिच्या बाजूने निघून जातो.

कासवाच्या अंड्यांचा प्रसंगही असाच. मराठी संतकाव्याच्या श्रोत्याला कासवी ठाऊक असते ती केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करणारी माता म्हणून. कादंबरीत कासवी वाळूत अंडी घालून निघून जाते आणि भुकेला मुलगा ती कच्चीच खातो. आईविषयीच्या दुःखाने व्याकूळ झालेल्या मुलाची ही कथा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगात मराठी वाचकाला एक जास्तीचा अर्थ जाणवेल. तो लेखकाला अभिप्रेत नसेल. पण संहितेला विसंगत आहे असेही म्हणता येत नाही. 'मुलाने कोणत्या प्राण्याची अंडी खाल्ली?' या प्रश्नात तो मावत नाही, एवढे खरे.

६

येथे मराठी साहित्यातील दोन कृतींची आठवण होणे स्वाभाविक आहे. गो. नी. दांडेकर यांच्या 'माचीवरला बुधा' या कादंबरीतील वृद्ध मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरातील माचीवर एकटा राहावयास जातो. तेथे तो सापडलेला नाही, परतलेला आहे. पॉलसनच्या मुलासाठी सुटका म्हणजे अरण्यातून बाहेर पडणे; बुधासाठी सुटका म्हणजे अरण्यात जाणे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'सत्तांतर' (१९८२) या साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या कादंबरीत तर माणूस केंद्रस्थानी नाहीच. वानरांच्या टोळ्यांचा जगण्यासाठी आणि सत्तेसाठी चाललेला संघर्ष तेथे आहे, आणि जगणे ही एकट्याची नव्हे तर कळपाची गोष्ट आहे.

या तीन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे 'जीव कसा जगविला?' हा प्रश्न सार्वत्रिक नाही हे दिसते. जीव कोणाचा, एकट्याचा की कळपाचा? अरण्य परके की आपले? परत जावयाचे ते कोठे? आठवीच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न झेपणार नाहीत असे मानण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई नगरसारख्या वसाहतीतील बदलीच्या नोकरीच्या घरांत वाढणाऱ्या मुलाला 'परत जावयाचे ते कोठे?' हा प्रश्न तर कित्येक प्रौढांपेक्षा लवकर कळतो.

७

मग चाचणी कशी असावी? याचे एक उत्तर मीमांसकांनी देऊन ठेवले आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी त्यांनी उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही सहा गमके सांगितली. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या (१९१५) आरंभी गीतेचे तात्पर्य ठरविण्यासाठी हीच कसोटी पुढे ठेवली, हे मराठी वाचकाला सुपरिचित आहे. ही गमके धर्मग्रंथांसाठी सांगितली गेली असली तरी कोणत्याही सुसंगत संहितेला लावता येतात.

उपक्रमोपसंहार: कादंबरीच्या आरंभी गुपित मुलाला छळते आणि शेवटी ते न सांगताच राहते. या दोन मुलांत काय फरक पडला? अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती: लेखक कोणते शब्द पुनःपुन्हा वापरतो आणि पुढे त्यांपैकी कोणते विरत जातात? अपूर्वता: विमानातील सामानात बंदूक सापडल्यावर मुलाला आनंदाऐवजी अस्वस्थता का वाटते? फल: घरी परतल्यावर दुकानातील अन्नाच्या रांगांसमोर तो थबकून का उभा राहतो? अर्थवाद: स्वप्नातील मित्र प्रत्यक्षात येत नाही, मग स्वप्नाचे कथेत काम काय? उपपत्ती: साळिंदर शिरले नसते तर अग्नी मिळाला असता काय? कारणांची साखळी लिहून दाखवा.

या सहा प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर पाठांतराने देता येत नाही, आणि एकाचेही उत्तर पुस्तकाबाहेर जाऊन मनाला येईल तसे देता येत नाही. म्हणून पुस्तक समोर उघडे ठेवून ही चाचणी घेता येईल. उत्तरासोबत आधाराचे पान लिहावयास सांगावे आणि गुण निष्कर्षापेक्षा आधाराला द्यावेत. दुसरे असे की, उत्तर मुलाने इंग्रजी, हिंदी वा मराठी यांपैकी कोणत्याही भाषेत द्यावे, कारण वाचन तपासावयाचे आहे, लेखन नव्हे. इंग्रजी लेखनाची परीक्षा घेण्यास दुसरे तास आहेत. शिक्षकाला मराठी येत नसेल तर मुलाने तोंडी हिंदीत सांगावे. दिल्लीत ही अडचण दुर्लंघ्य नाही.

८

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, अशा उत्तरांना समान गुण देणे कठीण. हे खरे आहे. दोन परीक्षकांत मतभेद होतील. परंतु वस्तुनिष्ठ प्रश्नावर परीक्षकांचे एकमत होते ते मुलाच्या स्मरणाविषयी. त्याच्या आकलनाविषयी ती प्रश्नपत्रिका मौनच बाळगते. चुकीच्या गोष्टीचे अचूक मापन हे शास्त्र नव्हे. दुसरा आक्षेप असा की, मग प्रत्येक उत्तर बरोबरच ठरेल. तसे होणार नाही. ब्रायन वडिलांना घाबरतो म्हणून गप्प राहिला, असे कोणी लिहिले तर त्याला आधार शोधावा लागेल, आणि तो सापडणार नाही, कारण वडिलांच्या भीतीवर कादंबरी कोठेच उभी नाही. आईचे नाव राखण्यासाठी तो गप्प राहिला, या उत्तराला मात्र आधार आहे: गुपित सारे आईविषयीचे आहे, त्याच्या असह्यतेत आईविषयीचा राग आणि ओढ दोन्ही आहेत, आणि ज्या साधनाने तो जगला ते आईनेच दिलेले आहे. ही शेवटची गोष्ट उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी.

त्या मुलीने कुऱ्हाड देणारा हात ओळखला होता. तिच्या घरातील मौनाची रीत तिने कादंबरीवर लादली असे म्हणता येईल. पण त्या रीतीमुळेच तिला कादंबरीतील एक धागा दिसला, असेही म्हणता येते. या दोहोंपैकी कोणते खरे, हे तिला आधार विचारल्याशिवाय ठरणार नव्हते, आणि तसा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. अनेक भाषांच्या देशात वाचनाची परीक्षा घ्यावयाची तर 'तुला हे कशावरून वाटले?' हा प्रश्न प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असला पाहिजे. त्यासाठी नवे तंत्र लागत नाही. उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ मात्र लागतो.